एका गेटला साडेतीन गार्ड : गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : सुरक्षारक्षकांची साप्ताहिक सुट्टी आणि तुमच्या करारातली गार्डसंख्या

स. न. वि. वि.

सुरक्षा एजन्सीशी झालेला तुमच्या संस्थेचा करार काढा आणि त्यातली एकच ओळ वाचा : किती गार्ड. गेट एक, पहारा चोवीस तास आणि समोरचा आकडा ‘२’ असेल, तर तुमच्या गेटवर साप्ताहिक सुट्टीचा कायदा दर आठवड्याला मोडला जातो आहे. एजन्सीचा मालक भला आहे की बुरा, सुपरवायझर कडक आहे की मवाळ, याने काही फरक पडत नाही. दोन माणसांत चोवीस तासांची पोस्ट भरायची म्हटली की सुट्टीला जागाच उरत नाही.

आठवड्याचे तास १६८. एका कामगाराने आठवड्यात साधारणपणे करायचे तास ४८, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. हे पत्र या एका भागाकाराबद्दल आहे.

कायदा आधी सांगून टाकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्या कलम २६ नुसार कोणत्याही कामगाराला आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम करू देता येत नाही. शब्द नीट पाहा. कायदा ‘करायला लावू नये’ एवढ्यावर थांबलेला नाही, ‘करू देऊ नये’ म्हणतो. त्यामुळे ‘तोच म्हणाला, मला ऑफ नको’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. याच संहितेचे कलम २५ दिवसाचे तास आठ ठरवते आणि कलम २७ जादा तासांना दुप्पट दर. संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. तुमच्या गेटवर दोनच माणसे दिसत असली तरी त्यांची मालक असलेली एजन्सी ही संख्या कधीच ओलांडून गेलेली असते.

वेतन संहिता, २०१९ ला तर माणसांच्या संख्येची अटही नाही. तिचे कलम १३ दर सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, त्या दिवसाचे वेतन, आणि त्या दिवशी काम घेतलेच तर ओव्हरटाइमपेक्षा कमी नसलेला दर, या तिन्ही गोष्टी ठरवण्याचा अधिकार सरकारला देते. राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आणखी नेमके बोलतो : सुट्टी म्हणजे सलग किमान २४ तास, ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन. हा अधिनियम पूर्वी दहा कामगारांपासून लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीने वीसपासून. मध्यम आकाराची एजन्सीसुद्धा यातून सुटत नाही.

आणि हे काही नवे लाड नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीपुढे नमते घेऊन मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. साप्ताहिक विश्रांतीचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९२३ मध्येच स्वीकारला. परळ-लोअर परळच्या गिरण्या पाडून तिथे जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या दारातला माणूस मात्र महिन्याचे तीस दिवस उभा असतो.

आता पैशाकडे वळू, कारण कार्यकारिणीच्या बैठकीत विषय अडतो तो तिथेच.

उदाहरणापुरता रोजचा दर ६०० रुपये धरा. (तुमच्या परिमंडळाचा किमान वेतनाचा दर आणि विशेष भत्ता घालून हीच आकडेमोड करा. विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या दरपत्रकावर विसंबू नका.) महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे मासिक वेतन १५,६०० रुपये. आठ तासांचा दिवस, म्हणून तासाचा दर ७५ रुपये आणि ओव्हरटाइमचा १५०. दोन गार्डच्या व्यवस्थेत प्रत्येकजण तीस दिवस बारा तास करतो, एकूण ३६० तास. त्यांतले साधे तास २६ गुणिले ८, म्हणजे २०८. उरलेले १५२ तास ओव्हरटाइम : रोजचे चार जादा तास सव्वीस दिवस, असे १०४, आणि सुट्टीच्या चार दिवसांचे बारा-बारा, असे ४८. दुप्पट दराने या १५२ तासांचे २२,८०० रुपये होतात. एका गार्डचे ३८,४००, दोघांचे ७६,८००.

साडेतीन गार्डचे? १५,६०० गुणिले साडेतीन, ५४,६०० रुपये.

म्हणजे कायद्याप्रमाणे पैसे दिले तर दोन गार्डची पोस्ट साडेतीन गार्डच्या पोस्टपेक्षा महिन्याला २२,२०० रुपयांनी महाग पडते. ती स्वस्त दिसते ती एकाच कारणाने : ओव्हरटाइम बुडवलेला असतो. एजन्सी गार्डच्या हातात ‘बारा तासांचे पगार’ म्हणून समजा २०,००० रुपये ठेवत असेल, तर ३६० तासांना भागा. तासाला साडेपंचावन्न रुपये पडतात. दुप्पट दर सोडाच, साधा ७५ चा दरसुद्धा नाही. शिवाय दुकाने व आस्थापना अधिनियमात ओव्हरटाइमची कमाल मर्यादा तीन महिन्यांत १२५ तास होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती १४४ झाली. दोन गार्डच्या पोस्टवर तीन महिन्यांत ४५६ तास होतात. थोडक्यात, दुप्पट पैसे मोजले तरीही ही व्यवस्था कायदेशीर करता येत नाही.

तुमच्या खिशावर किती भार येईल, तेही मांडून पाहू. आज दोघांचे ४०,००० जात असतील आणि उद्या ५४,६०० जाणार असतील, तर वेतनातला फरक १४,६०० रुपये. त्यावर भविष्य निर्वाह निधी व प्रशासन शुल्क मिळून १३ टक्के, ईएसआयसीचा (कामगार राज्य विमा) मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, एजन्सीचे सेवाशुल्क समजा ८ टक्के आणि १८ टक्के जीएसटी चढवा. आकडा २१,६०० च्या आसपास जातो. साठ सदनिकांच्या संस्थेत प्रत्येक घरामागे महिन्याला ३६० रुपये. हे कमी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा खरा आकडा हा आहे. ‘खर्च दुप्पट होईल’ असे जे सभेत सांगितले जाते ते खोटे आहे.

साडेतीन गार्ड म्हणजे अर्धा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न हमखास येतो. दोन पोस्ट असतील, समजा पुढचे गेट आणि मागचे गेट, तर उत्तर सरळ आहे : सात गार्ड. सहा जण नेमक्या शिफ्टवर आणि सातवा रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवर गेलेल्याची जागा भरणारा. शिफ्ट सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. सकाळच्या दोघांना अनुक्रमे सोमवार आणि मंगळवार सुट्टी, दुपारच्या दोघांना बुधवार आणि गुरुवार, रात्रीच्या दोघांना शुक्रवार आणि शनिवार. रिलीव्हर त्याच क्रमाने फिरतो : दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्री. मंगळवारी दुपारी ३ ला सुटला की बुधवारी ३ ला येतो. गुरुवारी रात्री ११ ला सुटला की शुक्रवारी ११ ला. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी ७ ला संपते आणि तिथून सोमवारी सकाळी ७ पर्यंत त्याची स्वतःची सुट्टी. सातही जणांचे ४८ तास भरतात, कोणालाही डबल, म्हणजे सलग दोन शिफ्ट, करावी लागत नाही.

क्रम उलटा लावलात, म्हणजे रिलीव्हरला आधी रात्री, मग दुपार, मग सकाळ दिलीत, तर प्रत्येक बदलाला त्याचे आठ तास कापले जातात. सकाळी ७ ला रात्रपाळीतून सुटलेला माणूस त्याच दिवशी दुपारी ३ ला पुन्हा गेटवर. वरच्या क्रमातही रिलीव्हरची सुट्टी काटोकाट २४ तासांची आहे. चार्ज घ्यायला पंधरा मिनिटे आधी ये म्हटले की ती २४ तासांच्या खाली घसरली. म्हणून सोमवारी त्याला चार्ज देणाऱ्या रात्रीच्या गार्डने पंधरा मिनिटे थांबावे आणि ती पंधरा मिनिटे त्याच्या हजेरीत लिहावीत.

पोस्ट एकच असेल तर तीन कायम गार्ड आणि शेजारच्या संस्थेबरोबर वाटून घेतलेला रिलीव्हर. तीन दिवस तुमच्याकडे, तीन दिवस त्यांच्याकडे. एकाच एजन्सीकडे दोन्ही संस्था असतील तर हे तिने लावून द्यायचे काम आहे. नसतील तर दोन सचिवांनी एकदा बोलून घ्यावे.

खरे म्हणजे साडेतीनही पुरत नाहीत. २०१७ च्या अधिनियमात आठ नैमित्तिक रजा, आठ सणांच्या व राष्ट्रीय सुट्ट्या आणि वीस दिवसांच्या कामाला एक दिवस भरपगारी रजा आहे. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की ३१३ राहतात. त्यांतून आठ, आठ आणि साधारण चौदा वजा केले की एका गार्डचे प्रत्यक्ष कामाचे दिवस २८३ च्या आसपास. एका पोस्टच्या वर्षाला १,०९५ शिफ्ट. भागाकार ३.८७. चार माणसांची नावे नोंदवून ठेवा, पण किमान साडेतीनांचे पैसे अंदाजपत्रकात धरा. चौथा माणूस अर्धवेळ दुसऱ्या पोस्टवर गेला तरी हरकत नाही.

करारात आठ तासांच्या तीन शिफ्ट लिहूनही गेटवर सुट्टी मिळत नाही, असे आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहतो. ते कसे घडते, हे माहीत असल्याशिवाय पकडता येत नाही.

सर्वांत सर्रास चालणारा प्रकार रात्रपाळीत. गार्ड रविवारी सकाळी ७ ला सुटतो, रविवारी रात्री ११ ला पुन्हा येतो, आणि मस्टरवर रविवार ‘ऑफ’. मधले सोळा तास. याला सुट्टी म्हणत नाहीत. रात्रपाळीच्या कामगारासाठी पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे त्याची शिफ्ट संपल्यापासून सलग २४ तास, असे २०२० च्या संहितेत स्पष्ट आहे. कॅलेंडरवरची तारीख रिकामी दिसली म्हणून सुट्टी झाली असे नाही. वरच्या वेळापत्रकात शुक्रवारची सुट्टी असलेला रात्रीचा गार्ड शुक्रवारी सकाळी ७ ला जातो आणि शनिवारी रात्री ११ ला येतो. चाळीस तास. खरी सुट्टी अशी दिसते.

दुसरा प्रकार शिफ्ट बदलाच्या दिवसाचा. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दिवसपाळीचा गार्ड रात्रीवर जायचा असतो, तेव्हा बदल साधण्यासाठी एकजण सलग चोवीस तास उभा राहतो आणि दुसऱ्याला एक दिवस ‘मिळतो’. दोन गार्डच्या पोस्टवर सुट्टी म्हणून जे काही असते ते बहुतेक वेळा हेच. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या डबलमधून कापून काढलेली असते.

तिसरा, मस्टरवर चार ऑफ लिहिलेले आणि माणूस गेटवर हजर. किंवा तोच माणूस ऑफच्या दिवशी एजन्सीच्या दुसऱ्या साइटवर, दुसऱ्याच्या नावाने. हा दुसरा भाग तुमच्या गेटवरून दिसत नाही. पण सातव्या दिवशी भलत्याच ठिकाणी बारा तास काढून आलेला गार्ड आठव्या दिवशी तुमच्याच केबिनमध्ये डुलक्या घेतो, आणि त्याचा फोटो संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारे सदस्य प्रत्येक इमारतीत सापडतात.

चौथा, ऑफचे पैसे घ्या आणि काम करा. दुप्पट दिले तरी विश्रांतीची बाकी फिटत नाही : पैसेही द्यायचे आणि दोन महिन्यांत बदली सुट्टीही द्यायची, असा २०१७ च्या अधिनियमाचा अर्थ आहे. इथे तर बहुधा एकपटच दिलेले असतात.

गार्डला स्वतःला सुट्टी नको असते, हे मात्र अनेकदा खरे आहे. याचे कारण त्याच्या कामसू स्वभावात शोधू नका, एजन्सीच्या भागाकारात शोधा. मासिक वेतन २६ ने भागून रोज (एका दिवसाचा दर) काढला असेल तर चार सुट्ट्यांचे पैसे त्या दरातच आलेले असतात. पण एजन्सी १५,६०० ला ३० ने भागते, रोज ५२० काढते आणि जितक्या ड्युटी तितके रोज देते. गार्डने चार सुट्ट्या घेतल्या की हातात २६ गुणिले ५२०, म्हणजे १३,५२० पडतात. २,०८० रुपये कापले गेले, आणि पगार किमान वेतनाच्याही खाली गेला. सुट्टी घेण्याचा दंड दोन हजार ऐंशी रुपये असेल तर कोण घेईल? ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही पंधरा दिवसांचे वेतन काढताना मासिक वेतन २६ नेच भागतात, ते याच कारणाने : महिन्याचा पगार हा सव्वीस दिवसांच्या कामाचा असतो आणि सुट्ट्या त्यात धरलेल्या असतात. तुमच्या एजन्सीला एवढा एकच प्रश्न विचारा, रोज काढताना तीसने भागता की सव्वीसने? उत्तर अडखळत आले तर पुढचे सगळे कळले.

काही संस्थांचे वकील सांगतात की गृहनिर्माण संस्था हा ‘उद्योग’ नाही, त्यामुळे हे कायदे लागूच होत नाहीत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोम विहार या सदनिकाधारकांच्या संस्थेच्या प्रकरणात, सदस्यांची वैयक्तिक सेवा करणाऱ्या नोकरांच्या बाबतीत अशी संस्था उद्योग ठरत नाही, असे म्हटले होते हे खरे. पण ते प्रकरण औद्योगिक विवाद कायद्याचे आणि संस्थेने स्वतः ठेवलेल्या नोकरांचे होते. तुमच्या गेटवरच्या माणसाची मालक एजन्सी आहे. ती नफ्यासाठी चालते आणि तिला सगळे कायदे लागू आहेत. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ च्या अनुसूचीत किमान वेतन, वेतन प्रदान, भविष्य निर्वाह निधी असे कामगार कायदे दिलेले आहेत आणि त्यांचा भंग हे परवाना रद्द करण्याचे एक कारण आहे. महाराष्ट्रात १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षक अधिनियमही आहे. त्याच्या कलम २३ खाली एजन्सीला त्यातून सूट मिळते ती रक्षकांना मिळणारे लाभ सुरक्षा रक्षक मंडळाच्या लाभांपेक्षा एकंदरीत कमी नसतील तरच. सूट घेतलेली एजन्सी साप्ताहिक सुट्टी देत नसेल, तर ज्या अटीवर सूट मिळाली तीच अट ती मोडते आहे.

आणि संस्था यातून अगदीच मोकळी राहते असेही नाही. वेतन संहितेच्या कलम ४३ नुसार मालकाने देय रक्कम दिली नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार काम करतो तिची मालकी असणारी कंपनी, फर्म, संघ किंवा व्यक्ती त्या रकमेला जबाबदार असते. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, दाव्याच्या रकमेशिवाय दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर नसून मालकावर असतो. एजन्सी बंद पडली, पत्ता बदलला, फोन उचलेनाशी झाली, तर दावेदार कोणाचे दार वाजवेल याचा विचार खजिनदारांनी करावा. ‘उद्योग नाही’ हा युक्तिवाद तेव्हा करता येईलही, पण वकिलाची फी देऊन.

संस्थेने स्वतः नेमलेल्या एकट्या-दुकट्या वॉचमनचा प्रश्न कायद्याने जास्त गुंतागुंतीचा आहे. तिथे कलमांचा कीस पाडत बसण्यापेक्षा नेमणूकपत्रात सुट्टीचा वार लिहून द्या आणि त्या दिवसासाठी माणूस लावा. सफाई कामगारांचे तर त्याहून सोपे : तिथे पोस्ट रिकामी राहण्याचा प्रश्नच नसतो, जिने एक दिवस झाडले गेले नाहीत तरी इमारत उभीच राहते.

आता करारात काय बदलायचे. गार्डसंख्येच्या जागी ‘प्रति पोस्ट ३.५, आठ तासांच्या तीन शिफ्ट’ असे लिहा. दरपत्रक फोडून मागा : मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, बोनस, रजा वेतन, ग्रॅच्युइटी, सेवाशुल्क, आणि रिलीव्हिंग चार्ज ही स्वतंत्र ओळ. हा रिलीव्हिंग चार्ज एकषष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्के असायला हवा, कारण सहा दिवस काम करणाऱ्या माणसाचा सातवा दिवस दुसऱ्याने भरायचा असतो. एकरकमी ‘प्रति गार्ड इतके’ अशा दरात ही ओळ नेमकी गडप होते. काही वेळा उलटेही घडते : संस्था रिलीव्हिंग चार्ज भरत राहते आणि रिलीव्हर कधी येतच नाही. ते पैसे कोणाकडे राहिले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दंडाचे कलम आवर्जून तपासा. जवळपास प्रत्येक करारात ‘पोस्ट रिकामी राहिल्यास इतका दंड’ असते. हेच कलम डबल ड्युटीला जन्म देते. रिलीव्हर आला नाही की एजन्सीपुढे दोन पर्याय उरतात, दंड भरणे किंवा जाणाऱ्या गार्डला थांबवून ठेवणे. ती दुसरा निवडते. त्यामुळे रिकाम्या पोस्टबरोबर डबल ड्युटीलाही दंड लावा, आणि तो जास्त असू द्या. सोबत लिहा की रिलीव्हर दोन तासांत पोहोचला नाही तर एजन्सीचा फील्ड ऑफिसर स्वतः पोस्टवर उभा राहील. हे कलम एकदा लागू झाले की रिलीव्हर वेळेवर यायला लागतात, असा अनुभव आहे.

बिल मंजूर करण्याच्या पद्धतीतही एक बदल हवा. सध्या खजिनदार ड्युटींची बेरीज बघतात : तीस दिवस, दोन शिफ्ट, साठ ड्युटी, बरोबर. ही बेरीज पोस्ट भरली होती एवढेच सांगते, कोणी भरली ते सांगत नाही. बिलासोबत नावनिहाय हजेरी मागा आणि प्रत्येक नावापुढे आडवी रेघ ओढत जा. सलग सात हजेऱ्या दिसल्या की तिथे लाल खूण. एजन्सीच्या मस्टरवर सगळे ठीकठाक दिसले तर ते गेटवरच्या तुमच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहा. पाहुण्यांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रवेश कोणत्या गार्डच्या लॉगिनवरून झाला ते असते, पार्सलच्या वहीत सही असते, सीसीटीव्हीत चेहरा असतो. एका महिन्याच्या चार रविवारांची पडताळणी अर्ध्या तासात होते. तफावत दिसली तर त्या गार्डला बोलावून उलटतपासणी करू नका, दुसऱ्या दिवशी त्याची बदली होईल. पत्र एजन्सीला लिहा, आणि त्यात नावे न घालता फक्त तारखा द्या.

साप्ताहिक सुट्टीचा तक्ता केबिनच्या आतल्या भिंतीवर लावा : नाव, शिफ्ट, सुट्टीचा वार, रिलीव्हरचे नाव. गार्डला आपली सुट्टी कोणत्या वारी आहे हे महिनाभर आधी माहीत हवे, आदल्या रात्री फोनवरून कळून उपयोग नसतो. गावी आईवडील, शाळेत मुले, बँकेत काम, दवाखान्यात नंबर, हे सगळे वारावर चालते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. त्या सभेच्या अंदाजपत्रकात सुरक्षा खर्चाची ओळ साडेतीनने मांडा आणि वरची आकडेमोड टिपणीत जोडा, सदस्य आकड्यांवर वाद घालतील ते बरेच आहे. तोपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. करार मुदतीच्या मध्यात असला तरी पूरक करार करून तिसरा गार्ड आणि रिलीव्हर पुढच्या एक तारखेपासून आणता येतात. एजन्सी ‘माणसे मिळत नाहीत’ म्हणेल. बारा तास, तीस दिवस आणि सुट्टीला कपात या अटींवर मिळत नाहीत, हे खरेच आहे. आठ तास, सव्वीस दिवस आणि सव्वीसने काढलेला रोज, अशी जाहिरात देऊन पाहायला सांगा.

कळावे,

कामगार कायदा, वेतनाचा हिशेब आणि सुरक्षारक्षकांच्या प्रश्नांवर काम करणारे आम्ही काही जण